गरोदर बाईला सांगून झालं, आता तिच्या तोंडून ऐका: एएनसी ओपीडीत नवीन लागलेल्या नर्ससाठी

एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या ओपीडीत, पहिल्यांदा ड्युटी लागली तेव्हा मला वाटलेलं की हे तर सोप्पं काम, बीपी घ्यायचं, वजन घ्यायचं, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचं आणि पुढची तारीख देऊन टाकायची. मी पाच मिनिटात सगळं घडाघडा बोलून मोकळी व्हायचे, समोरची मान डोलवायची, संपला विषय. मग एक बाई तिसऱ्यांदा तपासायला आली तर हिमोग्लोबिन वाढायच्या ऐवजी अजून थोडं खाली. गोळ्या घेता का? हो. रोज? हो सिस्टर, रोज. बरं कशा घेता ते जरा दाखवा म्हटलं, तर तिने पर्समधून आयर्न आणि कॅल्शियमची दोन्ही पाकिटं काढली आणि म्हणाली, सकाळी चहाबरोबर दोन्ही एकदम घेऊन टाकते, म्हणजे विसरायला होत नाही. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही आयर्न नीट शोषू देत नाहीत. पण यात तिचं काय चुकलं? मी तिला "दोन्ही रोज घ्या" एवढंच सांगितलेलं, तिने अगदी तेवढंच केलं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला तीच पहिली सांगते. सांगून झालं की तिच्या तोंडून ऐकायचं. पण "समजलं का?" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर कायम "हो" असतं, कोणाला आपण ढ आहोत असं दाखवायला आवडत नाही. त्याऐवजी म्हणायचं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार ते मला सांगा बघू." म्हणजे परीक्षा आपली, तिची नाही. चुकीचं सांगितलं तर हसायचं नाही, "अगं मी तर सांगितलेलं" पण म्हणायचं नाही, परत वेगळ्या शब्दात सांगायचं आणि परत ऐकायचं. एका वेळेला दोन किंवा तीनच गोष्टी, दहा सांगितल्या तर गेटच्या बाहेर पडेपर्यंत आठ गळून जातात.

पहिली भेट

पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी. डब्ल्यूएचओने २०१६ मध्ये जे सांगितलं त्याप्रमाणे पूर्ण गरोदरपणात कमीत कमी ८ भेटी, पहिली १२ आठवड्यांपर्यंत आणि मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८, ४० आठवड्यांना. शेवटी शेवटी भेटी जवळ जवळ का येतात हे पण तिला सांगा, बीपी वाढणं, बाळाची वाढ मंदावणं, बाळ आडवं असणं हे सगळं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यात सापडतं. कारण कळलं की बाई येते, नुसती तारीख दिली की "मला तर काही त्रास नाहीये" म्हणून घरी बसते.

डिलिव्हरीची तारीख काढायची पद्धत सगळ्यांना पाठ असते पण घाईत चुकते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात ७ दिवस मिळवायचे आणि ३ महिने मागे जायचं. पाळी १० मार्चला आली असेल तर तारीख १७ डिसेंबर. हा हिशोब २८ दिवसांच्या चक्राचा आहे, पाळी अनियमित असेल किंवा तारीखच आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यातल्या सोनोग्राफीवर भरवसा ठेवायचा. आणि कृपा करून तिला सांगा की ही तारीख म्हणजे अंदाज आहे, ३७ ते ४२ आठवड्यांमध्ये कधीही होऊ शकतं, नाहीतर तारखेच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर घाबरून दारात उभं असतं.

इतिहास विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवा, सोबत नवरा, आई, सासू कोणीही असलं तरी थोडा वेळ बाईशी एकटीने बोलायला मिळालंच पाहिजे. आधीचा गर्भपात, तंबाखू, दारू, घरात होणारी मारहाण, यातलं काहीही ती दुसऱ्यासमोर बोलणार नाही, आणि बऱ्याचदा सोबतचंच माणूस तिच्या वतीने उत्तरं देत बसतं. मी सोपं करते, "चला लघवीचं सॅम्पल कुठे द्यायचं ते दाखवते" म्हणून तिला बाजूला घेते आणि तिथे विचारते. सरळ विचारायचं, "हे मी सगळ्यांनाच विचारते, घरी कोणी तुम्हाला मारतं का, कोणाची भीती वाटते का?" उत्तर हो आलं तर घाईने सल्ले द्यायचे नाहीत, आधी ऐकायचं, आज घरी जाणं सुरक्षित आहे का ते विचारायचं, सिनियरला आणि डॉक्टरांना सांगायचं. ते लिहायचं कुठे ते पण सांभाळून, तिच्याजवळ राहणाऱ्या कार्डवर तर अजिबात नाही.

बीपी नीट घ्या, प्लीज

बीपी घेताना जेवढा आळस होतो तेवढा कशातच होत नाही आणि याच आकड्यावर सगळं अवलंबून असतं. जिना चढून आलेल्या बाईला लगेच कफ बांधायचा नाही, ५ मिनिटं बसू द्या, लघवी करून येऊ दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, आणि घेताना ना तिने बोलायचं ना तुम्ही. दंड जाड असेल तर मोठा कफ घ्या, लहान कफने आकडा उगाच जास्त येतो. खालचा आकडा ९० च्या आसपास दिसला की "टेन्शनमुळे असेल" म्हणून ८६ लिहून टाकणारे पण मी बघितलेत, तसं करू नका, जे आलं ते लिहा.

१४०/९० किंवा त्याच्यावर आलं तर थोड्या वेळाने परत घ्या, डॉक्टरांना दाखवा, लघवीतलं प्रोटीन बघा. १६०/११० किंवा त्याच्यावर असेल तर ती बाई रांगेत बसणार नाही आणि घरी तर मुळीच जाणार नाही, १५ मिनिटांच्या आत परत मोजायचं आणि तोपर्यंत डॉक्टर तिथे पाहिजेत. २० आठवड्यांनंतर बीपी वाढून सोबत लघवीत प्रोटीन किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसला तर ते प्रीएक्लॅम्पसिया. यात फसवं काय आहे तर बऱ्याच बायकांना सुरुवातीला काहीच होत नसतं, म्हणून "मला तर बरं वाटतंय" हे वाक्य बीपीच्या बाबतीत काही कामाचं नाही, आणि हे तिलाही तितकंच स्पष्ट सांगा.

झटका (फिट) आलाच तर गोंधळायचं नाही. हाक मारून माणसं जमवा, बाईला डाव्या कुशीवर वळवा, पडणार नाही ते बघा, तोंडात चमचा बिमचा काही घालायचं नाही, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवायचं औषध). मॅगसल्फ चालू असताना तीन गोष्टी बघत राहायचं, गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे ना, श्वास मंदावत नाहीये ना, आणि लघवी तासाला निदान ३० मिली होतेय ना. रिफ्लेक्स गेला तर औषध थांबवून लगेच कळवायचं, श्वास अजून चालू आहे म्हणून वाट बघायची नाही, कारण आधी रिफ्लेक्स जातो आणि श्वास नंतर. कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅगसल्फ जास्त झालं तर त्यावरचा उतारा) हातापाशी काढलेलं असलं पाहिजे, त्या वेळी कपाटाची किल्ली शोधत फिरायचं नाही.

पोट तपासताना

आधी परवानगी विचारा, पडदा ओढा, लघवी करून येऊ द्या, हात चोळून गरम करा (थंड हात लागला की पोट घट्ट होतं आणि मग काहीच हाताला लागत नाही). पोट मोठं असेल तर सपाट पाठीवर जास्त वेळ झोपवून ठेवू नका, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, तिला गरगरतं, घाम सुटतो, बीपी पडतं, तसं झालं तर लगेच डाव्या कुशीवर वळवा. साधारण २० आठवड्यांना गर्भाशय बेंबीपर्यंत येतं आणि २४ नंतर टेपने जेवढे सेंटिमीटर तेवढे आठवडे, दोन इकडे तिकडे चालतं. त्याच्यापेक्षा जास्त फरक असेल तर लिहा आणि दाखवा. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०, मोजताना आईची नाडी पण दुसऱ्या हाताने बघा, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात. ठोके आईला पण ऐकवा, दोन मिनिटं जास्त जातील, पण त्यानंतर ती तुमचं जेवढं ऐकते तेवढं एरवी ऐकत नाही.

गोळ्या आणि खाणं

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्राम, खरं तर दिवस राहायच्या आधीपासून. बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून जवळपास २८ दिवसात बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना आपण गरोदर आहोत हेच माहीत नसतं. म्हणून पुढच्या वेळचा विचार करणारी कोणी भेटली तर तिलाही आत्ताच सांगून ठेवा. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टर ठरवतील.

आयर्न ३० ते ६० मिलिग्राम रोज, हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर जास्त. रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, व्हिटॅमिन सी असलेल्या फळाबरोबर अजून चांगलं, चहा कॉफी आणि आयर्न यांच्यात तासाभराचं अंतर, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळ्या तर वेगळ्याच वेळेला. मी सरळ असं बांधून देते, आयर्न रात्री झोपताना आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे डोक्याला ताप नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या म्हणावं, शोषण थोडं कमी होईल पण गोळी बंद करण्यापेक्षा ते परवडलं. आणि शी काळी होणार हे आधीच सांगा!! नुसतं काळी शी बघून घाबरून गोळ्या कचऱ्यात टाकलेल्या बायका मी बघितल्यात.

"आता दोन जिवांचं खा" हे तर सगळेच सांगतात. पहिले तीन महिने जास्तीचं काही लागत नाही, मधल्या तिमाहीत रोज साधारण ३४० आणि शेवटच्यात ४५० कॅलरी जास्त, म्हणजे एखादं पोटभरीचं मधलं खाणं झालं, दुप्पट ताट नाही. वजन किती वाढावं ते आधीच्या बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन) ठरतं, नॉर्मल असेल तर ११.५ ते १६ किलो, १८.५ च्या खाली असेल तर १२.५ ते १८, ३० च्या वर असेल तर ५ ते ९. पण वजनकाट्यावरून उतरल्या उतरल्या सगळ्यांसमोर "किती वाढवलंस गं" असं ओरडू नका, पुढच्या वेळी ती येणारच नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, न उकळलेलं दूध बंद, कॉफी दिवसाला २०० मिलिग्राम कॅफिनच्या आत म्हणजे साधारण दोन लहान कप, आणि तंबाखू, सिगरेट, दारू यांचं "थोडं चालतं" असं प्रमाण नाही. डोकं दुखलं, कंबर दुखली की मनाने पेनकिलर घ्यायची नाही, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विशेषतः २० आठवड्यांनंतर बाळाच्या किडनीला त्रास देऊ शकतात.

उलट्यांबद्दल थोडक्यात. उठल्या उठल्या अंथरुणातच काहीतरी कोरडं खायचं, दर दोन तीन तासांनी थोडं थोडं, पाणी घोट घोट. बहुतेकींचं १६ ते २० आठवड्यात कमी होतं. पण पाणीसुद्धा टिकत नाही, ८ तास लघवी झाली नाही किंवा वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर हे नेहमीचं नाही, ॲडमिट करून सलाईन लागतं. "सगळ्यांनाच होतं" म्हणून परत पाठवू नका.

धोक्याची लक्षणं, इथे वेळ द्या

पोस्टरवर पंधरा लक्षणं असतात आणि ती वाचून कोणाच्याही लक्षात एक राहत नाही. मी त्याचे दोन ढीग करते, "आत्ता निघा" आणि "उद्या दाखवा". आत्ता निघा म्हणजे अंगावरून रक्त जाणं, थोडंसंही. पाणी जाणं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, बरगडीखाली उजव्या बाजूला किंवा मधे दुखणं, चेहऱ्यावर एकदम सूज. झटका. ताप येऊन थंडी वाजणं. पोट सतत दुखून दगडासारखं कडक होणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, किंवा अचानक धाप लागणं. आणि बाळाची हालचाल कमी होणं. उद्या दाखवा म्हणजे लघवीला जळजळ, अंगाला खाज (खास करून तळहात तळपाय खाजत असतील तर उद्या म्हणजे उद्याच, तो लिव्हरचा त्रास असू शकतो), अंगावरून वास येणारा स्राव.

मग तिला विचारायचं, "रात्री दोन वाजता डोकं खूप दुखायला लागलं आणि डोळ्यापुढे चमकायला लागलं, तर तुम्ही काय कराल?" पहिलं उत्तर बऱ्याचदा येतं, गोळी घेऊन झोपेन, सकाळी बघू. इथेच खरं शिकवणं सुरू होतं. कोणाला उठवणार, गाडी कोणाची, घरी मूल असेल तर त्याच्याजवळ कोण, फाईल कुठे ठेवलीय, हे सगळं तिच्याकडून वदवून घ्या, सोबत जे आलेत त्यांना पण या वेळी आत बोलवा कारण रात्री दोन वाजता धावपळ त्यांनाच करायचीय.

आपल्यासाठी एक, रक्त जाणारी बाई आली तर वार (प्लॅसेंटा) कुठे आहे ते सोनोग्राफीत कळेपर्यंत आतून तपासणी करायची नाही म्हणजे नाही. वार खाली गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर एका बोटाने पण भयंकर रक्तस्राव होतो. नाडी, बीपी, मोठ्या सुया लावून लाईन, रक्ताचं सॅम्पल, पॅड किती भिजलेत त्याचा हिशोब, आणि डॉक्टरांना फोन.

बाळाची हालचाल

पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांना जाणवायला लागते, दुसऱ्या खेपेला १६ च्या आसपास पण, वार पुढच्या बाजूला असेल तर थोडी उशिरा. २४ आठवडे झाले आणि काहीच जाणवलं नाही तर तपासून घ्यायचं. २८ नंतर प्रत्येक बाळाची एक लय बनते, कोणी जेवण झाल्यावर नाचतं कोणी आई आडवी झाली की. ही लय आईला जेवढी कळते तेवढी कुठल्याच मशीनला कळत नाही. शंका आली तर डाव्या कुशीवर शांत पडून मोजायचं, २ तासात १० हालचाली झाल्या पाहिजेत, आणि नाही झाल्या तर थंड पाणी पिऊन बघू, गोड खाऊन बघू, उद्यापर्यंत थांबू असलं काही नाही, सरळ निघायचं. "शेवटी जागा कमी होते म्हणून बाळ कमी हलतं" हे साफ चूक आहे, हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळवळ वाटते, पण हलणं कमी होत नाही. घरच्या डॉपलरवर (ठोके ऐकायच्या छोट्या मशीनवर) ठोके ऐकून निर्धास्त झालेल्यांना पण समजवा, त्यात आईचेच ठोके ऐकू येऊ शकतात.

आणि अशी बाई आली, तपासलं, सगळं ठीक निघालं तर "उगाच आलात" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ते एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा खरंच गरज असताना ती घरी बसते. मी म्हणते, "बरं झालं आलात, परत असं वाटलं तर परत या."

२८ नंतर झोपताना कुशीवर झोपायचं, डावी उजवी कुठलीही चालेल, मध्येच जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरायचं नाही, वळायचं आणि परत झोपायचं.

बाकीचं पटापट

साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यात, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन, उपाशीपोटी ९२, एका तासाला १८०, दोन तासाला १५३, यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी गरोदरपणातला डायबेटीस धरतात. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल आणि रक्तात अँटिबॉडी तयार झालेल्या नसतील तर २८ आठवड्यांना अँटी डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत परत. मधे रक्त गेलं किंवा पोटावर मार बसला तरी लागू शकतं, त्यामुळे ग्रुप फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. धनुर्वात, फ्लूची लस चालते, गोवर रुबेला आणि कांजण्यांसारख्या जिवंत लसी गरोदरपणात नाही. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खाली मांड्यांवर, पोटावरून नाही.

मनाचं पण विचारा, दोनच प्रश्न, गेल्या महिन्यात सारखं उदास, हताश वाटलं का, आणि एरवी आवडायचं ते करण्यात रस राहिला नाही असं झालं का. हो म्हणाली तर पुढे विचारा, जीव नकोसा वाटतो का ते सुद्धा विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बऱ्याच जणी सुटल्यासारखं रडून घेतात.

फोन आला की

शेवटच्या महिन्यात फोन खूप येतात. कळा खऱ्या असतील तर चालल्याने, कूस बदलल्याने थांबत नाहीत, वाढत आणि जवळ जवळ येत जातात. पहिलटकरीण असेल आणि घर जवळ असेल तर ५ मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर झालं की निघायचं, आधी डिलिव्हरी झालेली असेल किंवा घर लांब असेल तर त्याच्या बरंच आधी. ३७ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर मोजत बसायचंच नाही, यायचं. पाणी गेलं असेल तर यायचंच, पण रंग पण विचारा, हिरवट किंवा लालसर असेल तर जराही उशीर नको. दोन पायांमध्ये काही लोंबल्यासारखं, नाळेसारखं वाटत असेल तर गुडघे आणि कोपरांवर ओणवं व्हायला सांगा, डोकं खाली कमर वर, नाळेला हात लावायचा नाही, आत ढकलायची नाही, आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स.

फोनवर आठवडे किती, कितवी खेप, रक्त, पाणी, बाळ हलतंय का, डोकेदुखी, आधी सिझर झालंय का एवढं विचाराच, वेळ टाकून लिहून ठेवा. बोलताना शक्यतो फोन बाईच्याच हातात द्यायला सांगा, तिचा आवाज, कळ आली की ती बोलायची थांबते का, यावरून अर्धं कळतं. मग तिच्याकडूनच परत वदवून घ्या की आता काय करणार, आणि ती निघाली की लेबर रूमला कळवून ठेवा.